मुलींसाठी फाट्यावर एसटी थांबवायची तर गावाने काय करावे?

एकेकट्याने तक्रारी करण्यापेक्षा ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्याची प्रत आगार व्यवस्थापक व विभाग नियंत्रक या दोघांकडे देऊन पोच घ्या. आमच्या यवतमाळकडच्या गावात आम्ही हेच केले. आधी नुसत्या अर्जांना कोणी विचारत नव्हते. ठरावासोबत पंधरा दिवसांची वही जोडली: कोणती गाडी किती वाजता आली, थांबली की नाही, किती मुली मागे राहिल्या. ही वही बारावीच्या मुलींनीच लिहिली होती. "५:४०, थांबली नाही, ११ जणी" अशा ओळी वाचल्यावर साहेबांना टाळता येईना. शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र आणि पासधारक मुलींची यादीही लावा. ग्रामीण मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, पण गाडीच थांबत नसेल तर त्या पासचा काय उपयोग, हे ठरावात स्पष्ट लिहा. तुमचा तालुका मागास तालुक्यांसाठीच्या सरकारी मानव विकास कार्यक्रमात असेल तर मुलींच्या निळ्या बसची फेरी फाट्यावरून मागा. पुढची ग्रामसभा लांब असेल तर सरपंचांना विशेष सभा बोलवायला लावा.

एक मात्र ध्यानात ठेवा, थांबा एसटी देईल, पण फाट्यावरचा दिवा आणि गतिरोधक तिच्या हातात नाही. रस्ता जिल्हा परिषदेचा की बांधकाम विभागाचा ते आधी पाहा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर गतिरोधक सहसा मिळत नाही, तिथे सूचना फलक आणि उजेड मागा.