अमेरिकेतील सरकारी शाळांमध्ये बहुसांस्कृतिक शिक्षण कधी सुरू झाले?

निरनिराळ्या समूहांचा इतिहास, भाषा आणि संस्कृती यांना शाळेत स्थान देणारी ही चळवळ 1960 च्या दशकातील नागरी हक्क लढ्यातून जन्मली असे सर्रास सांगितले जाते; ते खरे असले तरी अपुरे आहे. रेचल डेव्हिस ड्युबॉइस या शिक्षिकेने 1924 च्या सुमारास न्यू जर्सीतील वुडबरी येथील शाळेत निरनिराळ्या वांशिक समूहांचे योगदान मांडणारे सभा-कार्यक्रम सुरू केले होते आणि 1926 मध्ये इतिहासकार कार्टर वुडसन यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. मात्र शाळांचा मुख्य रोख तेव्हा स्थलांतरितांच्या मुलांना एकाच साच्यात घालण्यावरच होता.

1954 च्या ब्राउन खटल्याने वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तरी पाठ्यपुस्तके जुनीच राहिली. माझ्या मते खरे वळण 1974 च्या लाउ विरुद्ध निकोल्स खटल्याने दिले. सॅन फ्रान्सिस्कोतील इंग्रजी न येणाऱ्या सुमारे 1,800 चिनी विद्यार्थ्यांना कोणतीही जादा मदत न देता इंग्रजीतूनच शिकवले जात होते. तीच पुस्तके, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला. त्याच दशकात जेम्स बँक्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी या विषयाला सैद्धांतिक बैठक दिली.

वाद अजून शमलेला नाही. ॲरिझोना राज्याने 2010 मध्ये केलेल्या कायद्यामुळे टूसॉनच्या शाळांमधील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासवर्ग बंद पडले, आणि 2017 मध्ये संघीय न्यायालयाने त्यामागे वांशिक आकस असल्याचा निर्वाळा दिला.