‘द माउंटन’ (2018) बद्दल प्रेक्षकांची मतं इतकी टोकाची का आहेत?

मुख्य कारण त्याची थंडगार, जवळजवळ निश्चल मांडणी. रिक अल्व्हरसनच्या या चित्रपटात 1950 च्या दशकातल्या अमेरिकेत एक डॉक्टर (जेफ गोल्डब्लम) इस्पितळोइस्पितळी लोबोटॉमी (मानसिक रुग्णांच्या मेंदूवरची शस्त्रक्रिया) करत फिरतो आणि सोबतचा अबोल तरुण रुग्णांचे फोटो काढतो. डॉक्टरचं हे पात्र वॉल्टर फ्रीमन या खऱ्या अमेरिकन डॉक्टरवर बेतलेलं आहे. फ्रीमन डोळ्याच्या खोबणीतून टोच्यासारखं हत्यार आत घालून मेंदूतले तंतू तोडायचा. गोष्ट पुढे सरकेल या आशेने बसलेल्यांना कंटाळा येतो. डेनी लाव्हाँ या अभिनेत्याचं लांबलचक स्वगत तर अनेकांना असह्य होतं. मला मात्र हा सुन्नपणाच योग्य वाटला. लोबोटॉमीच्या जनकाला, पोर्तुगीज डॉक्टर एगाश मोनिशला, 1949 साली नोबेल मिळालं होतं! तेव्हा अनेकांना हा खरोखरच उपचार वाटत होता. दिग्दर्शक तो तितक्याच शांतपणे दाखवतो, म्हणून तो जास्त अंगावर येतो.