दीड वर्षाच्या मुलीसाठी कापडी ॲक्टिव्हिटी बुक शिवायचंय. कापड कोणतं, पानं किती? शिलाई फारशी जमत नाही, तर बटणं आणि आकार ग्लू गनने चिकटवले तर चालतील का?

नाही चालणार. तुमच्या प्रश्नातल्या त्या शेवटच्या वाक्यासाठीच लिहायला बसले, त्यामुळे कापड आणि पानं जरा मागे पडतील. आधी चिकटवण्याचा निकाल लावू.

ग्लू गनमधली कांडी म्हणजे गरम झालं की वितळणारं प्लास्टिक. आकार कापायला आपण घेतो ते फेल्ट, म्हणजे तंतू दाबून केलेलं जाडसर कापड. हा डिंक त्याच्या वरवरच्या तंतूंना धरतो, आत मुरत नाही. मूल आकार ओढतं तेव्हा आकारासोबत फेल्टचा वरचा थरच उपटून येतो आणि मागे राहतो डिंकाचा कडक खडा. तो कुठे जाणार? तोंडात. गुळगुळीत प्लास्टिकच्या बटणावर तर हा डिंक नीट बसतच नाही, नखाने टपकन निघतो. गरम पाण्यात तो मऊ पडतो, इस्त्री लागली की पसरतो. आणि कोणी म्हणेल की आता चिकटवू, मग वरून टीप मारू, तर तो सगळ्यात वाईट उद्योग. सुई डिंकात अडकते, टाके सुटतात, दोरा तुटतो.

आता माझी जुनी खपली. दुरुस्तीला एक पुस्तक आलं होतं. आठ बाजू, दिसायला फारच देखणं. फुलाच्या पानावर मधोमध 25 मिलिमीटरचं बटण, त्यावर पाच पाकळ्या एकेक करून अडकवायच्या. बटण निघालेलं. पुस्तक करणारीशी माझा आधीच वाद झालेला होता, ती चिकटवण्याच्या बाजूची, मी शिवण्याच्या. तिने बटण हातात दिलं आणि म्हणाली, "हे तर शिवलेलंच होतं. शिवलेलंही निघतंच ना?" मी पानाची एक बाजू उसवून मागून पाहिलं. दोरा धड होता. गाठही शाबूत. फक्त ती गाठ फेल्टमधून आरपार निसटून बाहेर आली होती आणि फेल्टला वाटाण्याएवढं भोक पडलं होतं.

तर दोष शिवण्याचा नव्हता, पाठीचा होता. फेल्टला ताणा-बाणा नसतो. तंतू नुसते एकमेकांत दाबून बसवलेले असतात, त्यामुळे ताण आला की दोरा कापसातून निघावा तसा निघतो. विणलेल्या सुती कापडात दोऱ्याला आडवे-उभे धागे आडवे येतात, तो तिथे अडतो. त्या बटणामागे एकच थर फेल्ट होता, मागे आधार शून्य, आणि चारही भोकांतून एकाच दोऱ्याने शिवलेलं. एक टाका सैल झाला की सगळे सैल. हे मी तिला तेव्हा दाखवलं होतं. पटलं नाही. इथे तरी पटावं.

बटण असं लावा. पानाचा तळ सुती कापडाचा. बटणाच्या जागी मागून 4 × 4 सेंमीचा जाड कॅनव्हासचा तुकडा कच्च्या शिलाईने धरा. त्याच्याही मागे 12–15 मिमीचं साधं चपटं बटण ठेवा. ते पानाच्या आत बंद राहणार, मुलाला दिसणारही नाही. पॉलिएस्टरचा दोरा दुहेरी घ्या, सुती दोरा लाळेने आणि धुण्याने लवकर थकतो. आधी फक्त दोन भोकं, पाच-सहा फेरे, मागे पक्की गाठ, दोरा कापा. उरलेल्या दोन भोकांना नवा दोरा. एक जोडी तुटली तरी दुसरी धरून ठेवते आणि बटण डुगडुगायला लागलं की तुम्हाला वेळेत कळतं.

शिवताना बटणावर, दोऱ्याखाली, एक काडेपेटीची काडी आडवी ठेवा. शेवटी काडी काढा, बटण वर ओढा आणि खालच्या सुट्या दोऱ्यांभोवती सहा-सात वेढे द्या. बटणाला मान तयार होते. जी पाकळी अडकवायची तिच्या जाडीएवढी तरी मान हवी, दुहेरी फेल्टसाठी 3–4 मिमी. मान नसेल तर मुलाला बटण काजातून ढकलताच येत नाही, मग ते ओढतं, आणि आपण म्हणतो मूल धसमुसळं आहे. काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक जाडी, लहान बोटांसाठी आणखी 2 मिमी. फेल्टमधलं काज वापरून सैल पडतं, म्हणून पाकळीच्या मागे सुती कापड लावून मगच चीर द्या आणि कडेने काजटाका घाला.

बटणाचं माप ही वेगळीच गोष्ट. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुट्या भागांची चाचणी असते. 31.7 मिमी व्यासाच्या छोट्या नळकांड्यात वस्तू न दाबता पूर्ण मावली, तर ती घशात अडकू शकते असं धरतात. वर सांगितलेलं 25 मिमीचं 'मोठं' बटण त्यात आरामात मावतं. घरी नळी करायची तर पुठ्ठ्याची 11 सेंमी लांब पट्टी 1 सेंमी एकमेकींवर चढवून चिकटवा. घेर 10 सेंमी, म्हणजे आतला व्यास जवळपास 32 मिमी. पुस्तकातला जो जो भाग निघू शकतो तो त्यात टाकून बघा. नुसत्या बटणांवर थांबू नका, वेल्क्रोने लावलेली फळं, पानं, चाकंही टाका. मला 38 मिमीची बटणं बरी वाटतात.

ओढून बघायची चाचणीही आहे. युरोपातल्या खेळण्यांच्या मानकात, 6 मिमीपेक्षा मोठ्या पकडता येणाऱ्या भागाला 90 न्यूटन, म्हणजे साधारण 9 किलोच्या वजनाइतका ताण दहा सेकंद देतात. हाताने ओढून "पक्कं आहे" म्हणणं वेगळं आणि 9 किलो वेगळे. बटणाच्या मानेला मजबूत दोरी बांधा, पान दोघांनी घट्ट धरा आणि दोरीला नऊ लिटर पाण्याची बादली लटकवा. हे पान पुस्तकात जोडायच्या आधी करा, कारण निघालं तर मागून दुरुस्त करता येतं. पहिल्यांदा केलंत तर एक तरी बटण निघेल, लिहून ठेवा.

एवढं सगळं सांगून आता तुमच्या मुलीचं. दीड वर्षाला बटणाचं पान करूच नका. तिला ते जमणार नाही. बटण काढणं आधी येतं, लावणं नंतर, आणि लावणं बहुतेकांना तीन वर्षांच्या आसपास जमतं. आत्ता तिला हवंय ते उचकटणं. झाकण उघडलं की खाली काहीतरी दिसतंय, वेल्क्रोवरून मोठं फळ कर्रकन निघतंय, चेन मागेपुढे होतेय, एका चौकोनात कॉर्डरॉय आणि शेजारी सॅटिन. बटणाचं पान नंतर वाढवा, म्हणून पुस्तकाची शिवण उसवता येईल अशी ठेवा.

वेल्क्रोत एक चूक सगळे करतात. काटेरी बाजू पानावर आणि मऊ बाजू सुट्या तुकड्याला लावतात. तुकडे काढून ठेवले आणि पुस्तक मिटलं की ते काटे समोरच्या पानाच्या फेल्टला धरतात, पंधरा दिवसांत समोरच्या पानावर लोकर उभी राहते. मऊ बाजू पानावर, काटेरी तुकड्याला. तुकडे एकमेकांना चिकटतील, चिकटू दे. मागून गोंद लावलेली वेल्क्रोची पट्टी शिवायला घेऊ नका, सुईला राळ बसते. न चिकटणारी घ्या, कोपरे गोल कापा, कडेपासून 2 मिमीवर चारही बाजूंनी टीप मारा. सहा सेंमीच्या फळाला दोन सेंमीचा चौकोन पुरे. जास्त लावला तर तिच्याच्याने निघणार नाही, ती दोन हातांनी पान ओढेल.

चेन प्लास्टिकच्या दात्यांची घ्या, धातूचे दाते बोटाला लागतात. 15 सेंमी पुरे. दोन्ही टोकांना आडवे सात-आठ टाके एकावर एक घाला, नाहीतर सरक (चेन उघडताना ओढतो तो भाग) एक दिवस टोकावरून निघून हातात येईल. सरकेला रिबिनीचं छोटं कडं लावा, पकडायला सोपं जातं. पुस्तकातली कुठलीही दोरी किंवा रिबीन सुटी 22 सेंमीपेक्षा लांब नको, मानेभोवती फिरण्याइतकी तर अजिबात नको.

लोहचुंबक नको. दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंतीला चिमटा बसून छिद्र पडू शकतं, यावर चर्चा नाही. हलणारे डोळे, मणी, घुंगरू, पॉम्पॉम हेही नको. डोळे दोऱ्याने भरीव टाक्यात काढा, दहा मिनिटांचं काम आहे.

पानं किती? तीन. म्हणजे सहा बाजू, शिवाय मुखपृष्ठ-मलपृष्ठ वेगळं. हौसेने बारा बाजू आखणारे चौथ्यावर कंटाळतात आणि पाचव्यापासून ग्लू गन काढतात, चिकटवण्याचा उगम बहुधा तिथेच आहे. पान तयार झाल्यावर 20 × 20 सेंमी भरलं की बरं. त्यासाठी कापड उंचीला 22 आणि रुंदीला 23 सेंमी कापा: वर-खाली-बाहेर 1-1 सेंमी शिवणीला, कण्याच्या बाजूला, म्हणजे पानं जिथे एकत्र जोडायची तिथे, 2 सेंमी जास्त. दोन्ही बाजूंचं सगळं काम, वेल्क्रो-चेन-झाकणं, आधी सुट्या कापडावर पूर्ण करा. मग सुलट बाजू आतल्या बाजूने समोरासमोर ठेवा, वर पातळ वॅडिंग (पानाच्या आत भरायचा मऊ थर), तीन बाजू शिवा, कोपरे छाटा, उलटवा. कण्याची बाजू उघडी ठेवायची आणि वॅडिंग तिथे 2 सेंमी आधीच संपवायचं. हे विसरलात तर कण्यावर इतकी जाडी होते की घरगुती मशीनची सुई मोडते.

कणा किती रुंद? इथे बहुतेकांची फसगत होते, कारण ते कोरी पानं एकावर एक ठेवून मोजतात. वॅडिंगचं पान साधारण 3 मिमी, दोन्ही बाजूंवर फळं-झाकणं धरली तर 1 सेंमी. तीन पानांना 3 सेंमी कणा हवा. सव्वा सेंमीचा केलात तर पुस्तक मिटत नाही, मगरीसारखं आ वासून बसतं. समोरासमोरच्या पानांवरची जाड कामं एकमेकांसमोर येऊ देऊ नका, एक वर तर दुसरं खाली. कण्याची टीप 16 नंबरची सुई, टाका 3.5–4 मिमी, आणि चाक हाताने फिरवत, पायाने नाही. फार जाड झालं तर हाताने उलटी टीप घाला, तीही तितकीच टिकते. ही मात्र शिलाई न येणाऱ्यांसाठी खरी सोय आहे: मशीन नसली तरी हे अख्खं पुस्तक हाताने होतं, फक्त तीन-चार संध्याकाळींऐवजी पंधरवडा धरा.

कापडाचं राहिलंच. तळाला जाडसर सुती, मागून चिकट बकरम (कापडाला ताठपणा देणारं अस्तर) इस्त्रीने बसवलेलं, म्हणजे झोल येत नाही. आकारांना फेल्ट, कारण कडा उसवत नाहीत. सिंथेटिक फेल्टवर थेट गरम इस्त्री नको, आक्रसतो, वर कापड ठेवा. सुती कापड कापायच्या आधी धुवून घ्याच, नाहीतर पहिल्या धुण्यात तळ आटतो, फेल्ट आटत नाही, आणि पान चुरमडतं. लाल, गडद निळा, काळा रंग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, फडक्यावर उतरला तर लाळेतही उतरणार. पानात पुठ्ठा घालू नका, पुस्तक धुवायचं आहे: वेल्क्रो बंद करून, थंड पाण्यात, हाताने, आणि आडवं पसरून वाळवायचं.

आणि हो, गोंदाला इतकं बोलले, पण कागद चिकटवायची पाण्यात विरघळणारी गोंदाची कांडी मी स्वतः वापरते. टीप मारेपर्यंत आकार जागेवर राहावा म्हणून टाचणीऐवजी हलकासा हात फिरवायचा, पहिल्या धुण्यात निघून जातो. जिने ते बटण आणून दिलं होतं तिला हे सांगितलं तर म्हणेल, "शेवटी चिकटवलंसच ना." म्हणू दे.

टाचण्या वापरणार असाल तर सुरुवातीला मोजून काढा आणि पान उलटवायच्या आधी तेवढ्याच परत डबीत पडल्यात का ते बघा. एक जरी कमी भरली तर वॅडिंगमध्ये बोटाने चाचपत बसू नका, पान उसवा.