हायडेगर वाचून आजच्या तंत्रज्ञानाबद्दल काही कळतं का?

कळतं. मात्र मोबाइल कसा सोडावा हे शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरचा रोख यंत्रांपेक्षा नजरेवर आहे. 'तंत्रज्ञानाविषयीचा प्रश्न' या 1953 च्या व्याख्यानात तो ऱ्हाइन नदीवरच्या वीजप्रकल्पाचं उदाहरण देतो. प्रकल्प झाला की नदी उरते ती पाण्याचा दाब पुरवण्यापुरती. जमीन, जंगल, सगळंच मग हवं तेव्हा उचलायचा साठा दिसू लागतं.

मी गोव्यातल्या डिचोलीचा, मला हे वेगळं पटवून द्यावं लागलं नाही. आमच्या खाणींवर चांगलं लोहखनिज निर्यातीला जायचं आणि हलक्या प्रतीचं बाजूला रचलं जायचं. ते डंप. पावसात त्यांची माती शेतात उतरायची, एवढाच त्यांचा संबंध. मग 2000 नंतर चीनला हलकं खनिजही चालू लागलं आणि ज्या ढिगाऱ्यांना कुणी विचारत नव्हतं ते 'माल' झाले. मातीत कणभरही फरक नव्हता! 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले, तरी आमच्याकडे गप्पा डंपात किती टन आहे याच्याच.

'मग पर्यटन बरं' म्हणणाऱ्यांसाठीही हायडेगरकडे टोला आहे. ऱ्हाइन अजून निसर्गात आहेच की, असं कुणी म्हणेल हे धरून तो म्हणतो, हो, सहलवाल्यांनी आणलेल्या घोळक्याने बघायची वस्तू म्हणून. कळंगुटच्या किनाऱ्यावर एखादा रविवार काढा, समजेल. माणसांनाही 'मनुष्यबळ' म्हणून मोजतात, हे त्याने तेव्हाच टिपलंय. आज फोनमधून आपली माहिती उपसली जाते ती त्याच्याच पुढची पायरी.

जुन्या पवनचक्कीबद्दल मात्र तो फार हळवा होतो: ती वारा साठवत नाही, येईल तसा वापरते. तिचा मुद्दा आपल्या खाजनातल्या (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या शेतजमिनीतल्या) मानशीला, म्हणजे पाण्याच्या दाराला, चपखल बसतो: भरतीला दार आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं, समुद्राला वेठीला धरावं लागत नाही. पण बांध फुटला की चिखलात उतरणारे हात कुणाचे असायचे? असला प्रश्न त्याला पडत नाही. शिवाय 1933 मध्ये तो नाझी पक्षात गेला होता, तेव्हा त्याला गुरू वगैरे करू नका.

ते व्याख्यान वाचायचंच असेल तर सुरुवातीची ग्रीक कारणमीमांसा सोडून थेट ऱ्हाइनच्या परिच्छेदावर या. पुढचं सोपं नाही, पण वाट सापडते.