फ्रान्समधली लू नदी नेमकी कुठून निघते आणि कुठे जाऊन मिळते?

लू ही पूर्व फ्रान्समधली, स्वित्झर्लंडच्या बॉर्डरजवळच्या जुरा डोंगरातली साधारण 122 किमीची नदी. ऊआं नावाच्या गावाजवळ चुनखडीच्या उंच कड्याखाली एक मोठी गुहा आहे आणि तिच्यातून नदी एकदम भरभरून बाहेर पडते, म्हणजे छोटासा झरा वगैरे नाही, जन्मतःच नदी!

आता हे पाणी येतं कुठून, तर बरंचसं शेजारच्या दू नदीचं. चुनखडीला भेगा असतात, त्यातून दूचं पाणी जमिनीत मुरतं आणि इकडे निघतं. हे कळलं कसं ते तर भारीच आहे. 1901 च्या ऑगस्टमध्ये पोंतार्लिए गावात वीज पडून पेर्नोच्या दारूच्या फॅक्टरीला आग लागली, तिथली ॲब्सिंथ (बडीशेपेच्या वासाची कडक दारू) दूमध्ये सोडून दिली आणि नंतर लूच्या पाण्याला तोच बडीशेपेसारखा वास यायला लागला. पुढे 1910 मध्ये पाण्यात रंग टाकून ते पक्कं केलं.

पुढे नदी खोल दरीतून ऑर्नांला येते, तिथे जुनी घरं अगदी पाण्याला टेकून उभी आहेत, वरचे मजले खांबांवर नदीच्या अंगावर आलेले. चित्रकार कूर्बे याच गावचा, त्याने त्या गुहेची कितीतरी चित्रं काढलीत. खाली लिझों नदी येऊन मिळते, मग दरी संपते, सपाट शेतीचा भाग लागतो आणि दोल शहराच्या खाली पार्से गावाजवळ लू परत दूलाच मिळते. दू मात्र तोवर स्वित्झर्लंडकडून बेझांसोंवरून मोठा वळसा घालून आलेली असते, लूने आपला शॉर्टकट मारलेला.