इटलीच्या आल्प्समध्ये वाइनच्या भागात ४ दिवस काय करावं, काय खावं? (आई-बाबा शाकाहारी आहेत)

मिलानहून निघायचंय, तुम्ही दोघं वाइन घेता आणि आई-बाबा शाकाहारी, तर माझं उत्तर एकच, वाल्तेलिना, म्हणजे मिलानच्या उत्तरेची आद्दा नदीची दरी. मी मिलानलाच राहते आणि दर वर्षी एकदा तरी जातेच. मिलानहून तिरानोची ट्रेन साधारण अडीच तास, त्यात बराच वेळ कोमो तळ्याच्या काठाने. आपले बहुतेक लोक तिरानोला उतरतात ते स्वित्झर्लंडला जाणारी लाल बर्निना ट्रेन पकडायला, दरीत एक रात्रही राहत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आद्दा नदीच्या उत्तरेचा अख्खा उतार दगडी भिंतींनी बांधलेला आहे, चुना सिमेंट काही नाही, आपल्या कोकणातल्या गडग्यासारखा दगडावर दगड, आणि प्रत्येक पायरीवर द्राक्षाच्या दोन-चार ओळी. उतार दक्षिणेकडे तोंड करून, त्यामुळे दिवसभर ऊन, दगड तापतात आणि रात्री तीच ऊब वेलींना मिळते, म्हणून आल्प्समध्येही नेब्बिओलो द्राक्ष पिकतं. ट्रॅक्टर चढतच नाही, सगळं हाताने. सोंद्रिओला उतरून सासेल्लाच्या चर्चकडे मळ्यांमधून चालत जा, आई-बाबांना चढ झेपत नसेल तर नदीकाठचा सायकलचा रस्ता सपाट आहे, तिथे मस्त फिरता येईल.

वाइन घेताना सासेल्ला, ग्रुमेल्लो आणि इन्फेर्नो शेजारी शेजारी ठेवून चाखा. तिन्ही एकाच द्राक्षाच्या, फक्त डोंगराचा तुकडा वेगळा, आणि इन्फेर्नो म्हणजे नरक, एवढं तापतं तिथे. स्फोर्झातो ही वाइन मात्र शेवटी आणि थोडीच, कारण तिची द्राक्षं तोडल्यावर डिसेंबरपर्यंत हवेशीर माळ्यावर सुकवतात, मग चव दाट होते आणि अल्कोहोल १४ टक्क्यांच्या खाली नसतंच.

आता जेवण, मला विचाराल तर इथे येण्याचं खरं कारण तेच. पित्सोकेरी खा आणि तेही तेल्यो गावात, ते तिथलंच. कुट्टूच्या पिठाच्या जाडसर पट्ट्या (हो, उत्तरेत उपवासाला खातात तेच कुट्टू, पण इथे त्यात थोडा गहूही असतो म्हणून उपवासाला नाही चालणार), त्यात बटाटा, कोबी, काझेरा चीज आणि वरून लसूण घालून कढवलेलं लोणी. माझी आई आली होती तेव्हा तिने दुसऱ्यांदा मागून घेतलं. श्यात्त म्हणजे कुट्टूच्या पिठाची भजी, आत वितळलेलं चीज, गरम असतानाच खायची, पण पिठात बऱ्याचदा ग्राप्पा नावाची दारू घालतात, आई-बाबांसाठी आधी विचारून घ्या. इथल्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं तेही त्यांना आधीच सांगा, आणि ब्रेझाओला हे गोमांस असतं, मेन्यूत सगळीकडे दिसेल.

एक दिवस बर्निनासाठी ठेवाच. मोठ्या काचांच्या एक्सप्रेसला रिझर्व्हेशन लागतं, पण साधी लोकल त्याच रुळांवरून जाते, तिचं तिकीट तेवढं काढायचं आणि बसायचं. तिरानोहून २२५३ मीटरपर्यंत चढते, तीही दातेरी रुळाशिवाय. पासपोर्ट सोबत ठेवा, पलीकडे स्वित्झर्लंड आहे. स्वेटरही लागेल, खाली द्राक्षं पिकत असतात तेव्हा वर बर्फ असू शकतो.

ऑक्टोबरमध्ये जमलं तर बघा, तेव्हा तोडणी चालू असते. आणि निघताना बिशोला घ्या, सुके अंजीर, अक्रोड आणि मनुका ठासून भरलेला गोल पाव, चांगला टिकतो, मी पुण्यापर्यंत नेलाय.