लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तर मूळ विंडोजचं लायसन्स जातं का?

नाही जात. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप घेतानाच त्यात विंडोज १० होती आणि आता दुकानदार एसएसडीच्या किमतीवर 'नवीन विंडोज'चे वेगळे पैसे मागतोय. इन्स्टॉल करण्याची मजुरी मागत असेल तर ठीक. लायसन्सचे म्हणून एक रुपयाही देऊ नका.

विंडोज ८ आली (२०१२) तेव्हापासून लॅपटॉप कंपन्या प्रॉडक्ट की (लायसन्सचा कोड) मदरबोर्डवरच्या, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या, बायोस चिपमध्येच लिहून पाठवतात. विंडोज ७ च्या लॅपटॉपला खाली २५ अक्षरांचं स्टिकर असायचं, ते त्यामुळेच गेलं. शिवाय विंडोज १० एकदा अ‍ॅक्टिव्हेट झाली की त्या मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते, आणि त्या ओळखीत मुख्य भाग मदरबोर्डचा. डिस्क बदलली तरी मशीन तेच राहतं.

गोची होते ती एडिशनमध्ये. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपांत 'होम सिंगल लँग्वेज' येते. दुकानात मात्र पेनड्राइव्हवर तयार असलेली 'प्रो' टाकून, वर क्रॅक मारून देण्याची पद्धत आहे. बायोसमधली की होमची, डिस्कवर प्रो. मग पैसे मोजून घेतलेलं लायसन्स तसंच पडून राहतं आणि तुम्ही चोरीची विंडोज वापरत बसता. म्हणून आधी सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर एडिशन बघून लिहून ठेवा आणि दुकानदाराला तीच टाकायला सांगा. स्वतः करणार असाल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्राम) घ्या. इन्स्टॉल करताना की मागितलीच, तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय निवडून पुढे जा. नेट जोडलं की अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होतं.

जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे नव्या डिस्कवर हुबेहूब नक्कल, केलंत तर तेवढंही करावं लागत नाही. त्यासाठीचा क्लोनझिला हा प्रोग्राम फुकट आहे. पण हार्ड डिस्क मरायला टेकली असेल किंवा विंडोज आधीच रडत असेल, तर मी क्लोनच्या भानगडीत पडणार नाही. कचरा जसाच्या तसा नव्या डिस्कवर येतो.

काहीही करण्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या फाइल्सना कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की दुसरीकडे उतरवून ठेवा, नाहीतर जुन्या डिस्कवरचे फोटो कुलूपबंद होतील. लॅपटॉपसोबत ऑफिस आलं असेल तर ते कोणत्या ईमेलला जोडलंय तेही आठवून ठेवा. विंडोजपेक्षा लोक तिथेच जास्त अडकतात.

मदरबोर्ड बदलायची वेळ आली तर प्रकरण वेगळं. लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स त्या बोर्डाबरोबरच जातं असं धरून चाला.

आणि जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर 'डिजिटल लायसन्स' दिसेपर्यंत आणि सगळ्या फाइल्स सापडेपर्यंत तशीच ठेवा. मग यूएसबी केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरता येते.